कारखान्यासाठी जागा कशी निवडावी: आधी बाद करा, मग तुलना करा

जागा पाहायला निघण्याआधी कारखान्याचं गरजपत्रक कागदावर उतरवा. ते हातात नसलं की हमरस्त्याला लागून असलेला, सपाट, कुंपण घातलेला प्लॉट पाहताक्षणी आवडतो आणि पुढचे दोन महिने त्याचं समर्थन करणारे आकडे गोळा करण्यात जातात.

गरजपत्रकात काय हवं? आजचं, पाच वर्षांनंतरचं आणि दहा वर्षांनंतरचं उत्पादन. कच्चा माल कोणता, किती टन, कुठून येणार. तयार माल किती टन आणि किती ट्रक, कुठे जाणार. विजेची कमाल मागणी, पाण्याची रोजची गरज, सांडपाणी किती आणि कसलं, वाफ किंवा गॅस किती. प्रत्येक पाळीत किती माणसं आणि कोणत्या कौशल्याची. साठवायची ज्वालाग्राही किंवा विषारी रसायनं. सगळ्यात जड आणि सगळ्यात मोठ्या यंत्रभागाचं वजन, लांबी, उंची. आणि बहुतेक जण विसरतात ती नोंद: या उत्पादनाला काय अजिबात चालत नाही? कुणाला धूळ चालत नाही, कुणाला कंपनं, कुणाला दमट हवा, कुणाला दोन सेकंदांसाठी गेलेली वीज.

प्रत्येक आकडा दोन रकान्यांत लिहा, सरासरी आणि कमाल. जागा सरासरी दिवशी अडवत नाही. ती अडवते उन्हाळ्याच्या शेवटच्या आठवड्यात, ऐन पावसाच्या रात्री किंवा हंगामाच्या ऐन गर्दीत. एकच गोष्ट कमी पडते आणि बाकीच्या नऊ चांगल्या गोष्टी मिळूनही ती भरून काढता येत नाही. म्हणून या कामात ‘सगळ्यात चांगली जागा’ शोधत बसण्यापेक्षा न चालणाऱ्या जागा लवकर आणि स्वस्तात बाद करणं जास्त महत्त्वाचं.

कारखाना कशाकडे ओढला जातो

जर्मन अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड वेबर यांनी १९०९ साली मांडलेलं एक साधं गुणोत्तर आजही पहिल्या तासाभरात उपयोगी पडतं: ठरावीक ठिकाणीच मिळणाऱ्या कच्च्या मालाचं वजन भागिले तयार मालाचं वजन. उत्तर १ पेक्षा बरंच जास्त आलं तर कारखाना कच्च्या मालाजवळ, कमी आलं तर बाजारपेठेजवळ. एक टन साखरेला साधारण नऊ-दहा टन ऊस लागतो. शिवाय तोडल्यावर तासागणिक उसातली साखर घटत जाते, त्यामुळे साखर कारखाना उसापासून लांब नेताच येत नाही. एक टन सिमेंट क्लिंकरला (भट्टीतून निघणाऱ्या, दळण्याआधीच्या सिमेंटच्या गोळ्यांना) सुमारे दीड टन चुनखडी लागते, म्हणून भट्टी खाणीजवळ असते. क्लिंकर दळणारा ग्राइंडिंग प्लांट मात्र बाजाराजवळ किंवा सिमेंटमध्ये मिसळायच्या राखेचा पुरवठा करणाऱ्या औष्णिक वीज केंद्राजवळ टाकता येतो. शीतपेयाचं गणित नेमकं उलटं. त्यातलं बरंचसं वजन पाण्याचं, आणि पाणी जवळपास सगळीकडे मिळतं. ते दूरवर वाहून नेणं म्हणजे पाण्याचं भाडं भरणं.

वजनाखेरीज आणखी तीन ओढी असतात. पहिली वेळेची: तयार काँक्रीट मिसळल्यापासून साधारण दीड-दोन तासांत ओतावं लागतं, त्यामुळे त्या प्लांटचं कार्यक्षेत्र शहराच्या वाहतूककोंडीवर ठरतं. दुसरी विजेची: एक टन ॲल्युमिनियम वितळवून काढायला १३ ते १५ हजार युनिट लागतात. आइसलँडमध्ये बॉक्साइट (ॲल्युमिनियमचं खनिज) नाही, तरी तिथे ॲल्युमिनियमचे मोठे कारखाने आहेत. ॲल्युमिना (बॉक्साइटपासून काढलेली भुकटी) जहाजानं येतं, कारण तिथली वीज स्वस्त आणि खात्रीची. तिसरी आकारमानाची: रिकाम्या प्लॅस्टिकच्या बाटल्या, फोम, पत्र्याचे डबे यांनी ट्रक भरतो तेव्हा वजनकाट्यावर तो जवळपास रिकामाच असतो. असल्या मालाचं गणित टनांत मांडलं तर हमखास चुकतं. ते ट्रकांच्या खेपांत मांडा.

नकाशावरचा मध्यबिंदू आणि त्याची गफलत

वाहतुकीचा मध्यबिंदू काढायची पद्धत सगळ्यांना ठाऊक असते. प्रत्येक पुरवठादार आणि ग्राहकाचं नकाशावरचं स्थान घ्या, त्याला टन गुणिले भाडेदर एवढं वजन द्या आणि भारित सरासरी काढा. त्या उत्तरावर किती भिस्त ठेवायची, ते एका उदाहरणातून पाहू.

कच्चा माल २०,००० टन, दर ३ एकक, स्थान (१०, ४०). पहिला ग्राहक ८,००० टन, दर ५, स्थान (२००, ६०). दुसरा ग्राहक ४,००० टन, दर ५, स्थान (१२०, २२०). अंतरं किलोमीटरमध्ये. वजनं झाली ६०,०००, ४०,००० आणि २०,०००. भारित सरासरी काढली की बिंदू येतो साधारण (९२, ७७). आता तिथून सरळ रेषेतली अंतरं मोजून भाडं काढा: हजारांत सुमारे १२,६८०. आणि कारखाना थेट कच्च्या मालाच्या ठिकाणी ठेवला तर? सुमारे ११,८६०. म्हणजे ‘मध्यबिंदू’ जवळजवळ सात टक्क्यांनी महाग पडला.

कारण असं की ही सरासरी अंतराच्या वर्गांची बेरीज कमीत कमी करते, अंतरांची नव्हे. भाडं मात्र अंतरावर लागतं, त्याच्या वर्गावर नाही. एकाच ठिकाणाचं वजन बाकी सगळ्यांच्या बेरजेइतकं किंवा त्याहून जास्त असेल, तर सरळ रेषेच्या हिशेबात सगळ्यात स्वस्त जागा म्हणजे तेच ठिकाण. आकडेमोड न करताही हे सांगता येतं. तशी स्थिती नसेल तर मिळालेल्या बिंदूपासून सुरुवात करून प्रत्येक वजनाला त्या-त्या अंतरानं भागायचं, पुन्हा सरासरी काढायची, आणि बिंदू सरकायचा थांबेपर्यंत हेच करत राहायचं. स्प्रेडशीटमध्ये पंधरा-वीस फेऱ्यांत काम होतं. मग त्या बिंदूभोवती वर्तुळ काढा आणि त्यातल्या खऱ्या रस्त्यांनी अंतरं मोजा. मध्ये नदी, घाट किंवा एकच पूल असेल तर सरळ रेषेला काही अर्थ राहत नाही.

भाडेदरही छापील घेऊ नका, वाहतूकदाराकडून त्या विशिष्ट मार्गाचा घ्या. जिथून परतीचा माल मिळतो तिथे ट्रक स्वस्तात येतो. जिथून रिकामं परतावं लागतं तिथे दोन्ही बाजूंचं भाडं तुमच्याच माथी. महाग मालाच्या बाबतीत वाटेत अडकलेल्या भांडवलाचं व्याजही धरा: मालाची किंमत गुणिले वाटेतले दिवस गुणिले व्याजदर, भागिले ३६५.

वर्तुळात दहा-बारा ठिकाणं सापडली की चाळणी सुरू होते. पुढच्या प्रत्येक कसोटीत हो किंवा नाही एवढंच उत्तर हवं. गुण द्यायची वेळ अजून आलेली नाही.

वीज

आधी मागणी काढा. जोडभार (बसवलेल्या सगळ्या यंत्रांची एकत्रित क्षमता) ५,००० किलोवॅट आणि एका वेळी त्यातला ६० टक्के चालतो असं धरलं, तर ३,००० किलोवॅट. पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामी येणारा भाग) ०.९५ असेल तर सुमारे ३,१६० केव्हीए. त्यावर ३० टक्के वाढ धरली की ४,१०० केव्हीए. हा आकडा घेऊन वीज कंपनीच्या स्थानिक अभियंत्याकडे जा आणि चार प्रश्न विचारा. जवळच्या सबस्टेशनमध्ये आज किती क्षमता शिल्लक आहे? आपल्याला स्वतंत्र फीडर (सबस्टेशनमधून निघणारी वीजवाहिनी) मिळेल की सामायिक? लाइन कुणाच्या जमिनीवरून जाईल? आणि आपल्या जोडबिंदूवर फॉल्ट लेव्हल, म्हणजे शॉर्टसर्किट झालं तर तिथे वाहू शकणाऱ्या विजेचं प्रमाण, किती आहे?

‘लाइन समोरूनच जाते’ हे उत्तर नव्हे. समोरची लाइन भरलेली असू शकते किंवा ती भलत्याच व्होल्टेजची असू शकते. फॉल्ट लेव्हल कमी असेल तर मोठी मोटर थेट सुरू करताना सहा-सात पट प्रवाह खेचला जातो, व्होल्टेज खाली बसतं आणि बाकीच्या मोटरींचे ड्राइव्ह (वेग सांभाळणारी उपकरणं) आपोआप बंद पडतात. आर्क फर्नेस (विजेच्या ठिणगीवर धातू वितळवणारी भट्टी) किंवा मोठा क्रशर लावणाऱ्यांनी हा आकडा लेखी घेतल्याशिवाय पुढचं पाऊल टाकू नये.

वीज किती तास गेली याहून ती किती वेळा गेली हे महत्त्वाचं. एक्स्ट्रूजन लाइन (वितळलेलं प्लॅस्टिक साच्यातून सलग ढकलणारी यंत्रमाला) एकदा बंद पडली की साफ करून, तापवून पुन्हा सुरू करायला तीन तास लागत असतील, तर महिन्यातले दोन-दोन सेकंदांचे दहा खंड वीज कंपनीच्या नोंदीत २० सेकंद दिसतात. तुमच्याकडे तेच ३० तासांचं उत्पादन खातात. म्हणून फीडरची किमान बारा महिन्यांची नोंद मागा. त्याहून खरी माहिती शेजारच्या कारखान्याच्या देखभाल विभागातल्या वहीत असते. क्षणभर व्होल्टेज बसल्याच्या नोंदी वीज कंपनीच्या अहवालात बहुधा येतच नाहीत, त्या या वहीत सापडतात.

जागा उंचावर असेल तर जनरेटर, कॉम्प्रेसर आणि ब्लोअरची क्षमताही तपासा. समुद्रसपाटीपासून १,५०० मीटरवर हवा सुमारे १४ टक्क्यांनी विरळ असते. तळावरच्या आकड्यांनी निवडलेला कॉम्प्रेसर तिथे कमी हवा देतो.

पाणी: आत येणारं आणि बाहेर जाणारं

पाण्याबाबत ‘किती’ हा प्रश्न सगळे विचारतात, ‘कसलं’ हा फार थोडे. वास्तविक ‘किती’चं उत्तर ‘कसलं’वर ठरतं. यंत्रांचं गरम पाणी थंड करून पुन्हा फिरवणाऱ्या कूलिंग टॉवरचंच पाहा. तासाला ५०० घनमीटर पाणी फिरतंय आणि ते १० अंश सेल्सिअसनं थंड करायचंय. बाष्पीभवन साधारण तासाला ७.६५ घनमीटर. पाणी बरं असेल आणि क्षार चौपट होईपर्यंत ते फिरवता येत असेल, तर बाष्पीभवनाच्या एक तृतीयांश, म्हणजे सुमारे २.५५ घनमीटर, ब्लोडाऊन (क्षार साठलेलं, बाहेर सोडायचं पाणी) काढावा लागतो. एकूण मेकअप, म्हणजे भर घालायचं ताजं पाणी, तासाला १०.२ घनमीटर, दिवसाला साधारण २४५. तेच पाणी जड असेल आणि क्षार दुप्पट होताच थांबावं लागत असेल, तर ब्लोडाऊन बाष्पीभवनाइतकाच होतो. मेकअप १५.३ घनमीटर, दिवसाला ३६७. यंत्रं तीच, टॉवर तोच, पण पाणी दीडपट आणि सांडपाणी तिप्पट. बॉयलर असेल तर कडकपणाबरोबर सिलिकाही तपासा. सिलिकाचा थर ट्यूबवर बसला की साध्या आम्लधुलाईनं निघत नाही.

नमुना उन्हाळ्याच्या शेवटी घ्या. पावसाळ्यानंतर घेतलेला अहवाल जागेला नेहमीच दोन गुण जास्त देतो. बोअरच्या पाण्यावर भिस्त असेल तर ‘तीन इंच पाणी लागलं’ यावर विश्वास ठेवू नका. पंपिंग टेस्ट करा: उथळ, खुल्या जलधरात (जमिनीखालच्या पाणी धरणाऱ्या थरात) ७२ तास, वरून अभेद्य थरानं झाकलेल्या बंदिस्त जलधरात २४ तास सलग उपसा ही प्रचलित पद्धत आहे. पातळी किती उतरली, पंप बंद केल्यावर किती वेळात परत चढली आणि आसपासच्या विहिरींवर काय परिणाम झाला, तिन्ही लिहा. शेजाऱ्यांच्या विहिरी उतरत असतील तर तुमचं पाणी कागदावर कायदेशीर असूनही फार वर्षं टिकणार नाही.

सांडपाण्याचा प्रश्न त्याहून कठीण. सामायिक प्रक्रिया केंद्र असेल तर त्याची शिल्लक क्षमता आणि ते कोणत्या प्रकारचं सांडपाणी घेतं, दोन्ही विचारा. सेंद्रिय भार उतरवण्यासाठी बांधलेलं केंद्र क्षार किंवा जड धातू उतरवू शकत नाही. नदीत किंवा नाल्यात सोडायचं असेल तर तिथला उन्हाळ्यातला किमान प्रवाह पाहा. कोरड्या पात्रात तुमचं सांडपाणी हाच प्रवाह असतो. काहीच बाहेर सोडायची परवानगी नसेल, तर बाष्पीभवन यंत्रणा आली, तिच्यासाठी वाफ आली आणि उरलेलं मीठ सुरक्षित भूभरावावर (घातक कचरा पुरायच्या जागेवर) पोचवायचा खर्च आला. हा खर्च जमिनीच्या स्वस्ताईत शोधू नका, तो तिथे मावत नाही.

जमीन, उतार, पूर

क्षेत्रफळ ठरवताना इमारतीच्या तळक्षेत्रावरून मागे या. इमारती प्लॉटचा ३० ते ४० टक्के भाग व्यापतात असं धरून सुरुवात करा. उरलेली जागा रस्ते, टाक्या, सांडपाणी प्रक्रिया, अग्निशमनाची मोकळी पट्टी, पार्किंग, झाडं आणि वाढीसाठी. कंटेनर ट्रेलर डॉकला (माल चढवायच्या-उतरवायच्या ओट्याला) लावायचा तर डॉकसमोर ३६ ते ४० मीटर मोकळं अंगण लागतं. त्यात कसर केली की प्रत्येक ट्रेलर तीनदा पुढे-मागे होतो आणि गेटबाहेर रांग लागते. लांबी रुंदीच्या दीड-दोन पट असलेला आयताकृती प्लॉट सगळ्यात सोयीचा. त्रिकोणी किंवा चिंचोळा प्लॉट स्वस्त मिळतो तो उगाच नाही. उच्चदाबाची तारवाहिनी, भूमिगत गॅसवाहिनी किंवा नाला प्लॉटमधून जात असेल तर त्याचा पट्टा वजा करून उरलेलं क्षेत्र मोजा. भाव मात्र पूर्ण क्षेत्राचा लागलेला असतो. चिमणी उंच असेल आणि विमानतळ जवळ असेल, तर उंचीची मर्यादा आधी विचारा.

माती कळायला सुरुवातीला चार कोपरे आणि मध्य असे पाच बोअर पुरतात. आराखडा ठरला की जड यंत्रांच्या पायांखाली पुन्हा घ्या. काळी चिकणमाती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. तिचा मुक्त फुगवटा (प्रयोगशाळेत पाण्यात ठेवल्यावर आकारमानात होणारी वाढ) ५० टक्क्यांच्या वर असेल तर फरशीची आणि हलक्या इमारतींचीच जास्त काळजी करा. जड यंत्राचा पाया खोल जातो म्हणून बहुधा वाचतो. तपासणीआधीही एक गोष्ट फुकटात कळते. आसपासच्या कुंपणभिंतींना तिरप्या भेगा आहेत का, विजेचे खांब कलले आहेत का, जुन्या गोदामांची दारं चौकटीत अडकतात का, हे पाहत एक फेरी मारा.

उतार असलेल्या जागेत शेड अर्धी कापलेल्या जमिनीवर आणि अर्धी भरावावर येऊ देऊ नका. कापलेला भाग बसत नाही, भराव बसतो, आणि दोन्ही जिथे मिळतात तिथे फरशी, क्रेनची रूळपट्टी आणि लांब यंत्राची सरळ रेषा तुटते. भरावाचा हिशेबही बोली लावण्याआधी करा. चार हेक्टर जमीन एक मीटरनं उचलायची म्हणजे दाबलेला ४०,००० घनमीटर भराव. सैल मोजला तर सुमारे ५०,०००. दहा घनमीटरच्या टिपरच्या पाच हजार खेपा. तोही २०-२५ सेंटिमीटरच्या थरांत, पाणी मारून, रोलरनं दाबून. एकाच वेळी ओतलेला मीटरभर भराव पुढची कित्येक वर्षं बसत राहतो.

पुराबद्दल एक गैरसमज फार महागात पडतो. ‘शंभर वर्षांचा पूर’ म्हणजे शंभर वर्षांतून एकदाच येणारा नव्हे. दरवर्षी एक टक्का शक्यता असा त्याचा अर्थ. तीस वर्षं चालणाऱ्या कारखान्याला तो निदान एकदा गाठण्याची शक्यता २६ टक्के निघते. २०११ साली थायलंडमध्ये अयुथ्या आणि पथुम थानी भागातल्या सात औद्योगिक वसाहती पाण्याखाली गेल्या. पाणी आठवडेच्या आठवडे उतरलं नाही, आणि जगभर संगणकाच्या हार्ड डिस्कची टंचाई झाली. वसाहतींना बांध होते. बांध फुटल्यावर त्यांनीच पाणी आत अडवून धरलं.

म्हणून नकाशावरच्या पूररेषेवर थांबू नका. जुन्या इमारतींवरच्या पाण्याच्या खुणा पाहा. प्लॉटच्या वरच्या अंगाला किती क्षेत्राचं पाणी इकडे उतरतं ते समोच्च (समान उंचीच्या रेषा दाखवणाऱ्या) नकाशावर मोजा, आणि रस्त्याखालच्या मोऱ्या किती रुंद आहेत व किती बुजल्या आहेत ते स्वतः वाकून बघा. बऱ्याच प्लॉटमध्ये पाणी नदीचं शिरत नाही, शेजारी नव्यानं झालेल्या भरावामुळे अडलेलं शिरतं. सबस्टेशन, पॅनेल रूम आणि रसायनांचा साठा प्लॉटच्या सगळ्यात उंच कोपऱ्यात बसेल की नाही, एवढं तिथेच उभं राहून ठरवा.

रस्ता

रोजच्या ट्रकांसाठी रस्ता चालतो, म्हणून ट्रान्सफॉर्मर आणि बॉयलरसाठीही चालेल असं नाही. उंच प्रकारचा कंटेनर २.९ मीटरचा, ट्रेलरवर चढल्यावर रस्त्यापासून सव्वाचार मीटरच्या आसपास जातो. वाटेतला रेल्वेखालचा बोगदा, लोंबकळणाऱ्या तारा, पुलांची भारमर्यादा, वळणांची रुंदी हे सगळं टेप घेऊन मोजा, ज्या बंदरापासून किंवा यंत्र बनवणाऱ्याच्या गेटपासून यंत्र येणार तिथपासून. शेवटचे दोन किलोमीटर सगळ्यात त्रासाचे असतात. तो तुकडा कुणाच्या मालकीचा आहे, हे महसूल नकाशावर पाहा. रस्ता ‘वर्षानुवर्षं वापरात’ असणं वेगळं आणि नोंदलेला असणं वेगळं. दिवसाला पन्नास ट्रक सुरू झाले की वापरातला रस्ता एका सकाळी चर खणून बंद होऊ शकतो.

माणसं

जिल्ह्याची लोकसंख्या पाहून काही कळत नाही. पाळी सुटण्याच्या वेळेला प्लॉटपासून ४५ मिनिटांत कुठवर पोचता येतं ती सीमारेषा आखा आणि तिच्या आत फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, यंत्रचालक किती आहेत ते पाहा. तंत्रशिक्षण संस्थांतून दरवर्षी कोणत्या विषयाचे किती बाहेर पडतात आणि त्यातले किती आधीच शेजारचे कारखाने उचलतात, हेही विचारा. रात्री अकराला बस मिळत नसेल तर तिसऱ्या पाळीची वाहतूक तुमच्या खर्चात आली.

नुसत्या पगाराची तुलना फसवी असते. पगार १५ टक्क्यांनी कमी, पण तासाचं उत्पादन २० टक्क्यांनी कमी, तर नगामागे मजुरी सहा टक्क्यांनी जास्तच पडते. अगदी नव्या, कुणीच कारखाना न टाकलेल्या भागात पहिली दोन वर्षं शिकवण्यात जातात. त्याचा खर्च प्रकल्प अहवालात वेगळी ओळ करून दाखवा. आणि वरिष्ठ अभियंत्यांच्या मुलांची शाळा हा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. प्लांट मॅनेजर जातो तो बऱ्याचदा याच कारणानं.

शेजार

वाऱ्याची दिशा महिन्यागणिक घ्या, वार्षिक सरासरी नको. जिथे ऋतूनुसार वारा उलटतो तिथे सरासरी दिशा ही कुठल्याच महिन्याची दिशा नसते. रंगकाम, औषधं, अन्न किंवा इलेक्ट्रॉनिक्सचा कारखाना क्रशर, फाउंड्री किंवा सिमेंट प्लांटच्या वाऱ्याखाली नको. समुद्रकिनाऱ्याजवळ खारी हवा पत्रा, पॅनेल आणि कूलिंग कॉइल खाते. जवळून रेल्वे जात असेल किंवा जवळच्या खाणीत स्फोट होत असतील तर अचूक ग्राइंडिंग आणि मापन कक्षाच्या जागी कंपनं मोजून घ्या.

तुमचा कारखाना धोक्याचा असेल तर प्रश्न उलटा: आज कोण शेजारी आहे, आणि वीस वर्षांनी कोण येईल? फ्रान्समधल्या तुलूझ शहरात २१ सप्टेंबर २००१ रोजी खतकारखान्यातला अमोनियम नायट्रेटचा साठा स्फोटात उडाला. कारखाना उभारला तेव्हा ती जागा शहराबाहेर होती, नंतर शहर त्याच्याभोवती वाढत गेलं. सुरक्षित अंतर शक्यतो स्वतःच्या हद्दीतच बसवा. शेजारच्या मोकळ्या जमिनीवर आखलेलं सुरक्षित अंतर तिथे घरं होईपर्यंतच सुरक्षित असतं.

जुन्या कारखान्याची तयार जागा मिळत असेल तर वीज, पाणी, परवाने अर्धे आयते मिळतात, खरं. पण आधी तिथे काय बनत होतं ते विचारा आणि प्लेटिंग (धातूवर मुलामा), रंग, कातडी किंवा रसायनं असं उत्तर आलं तर माती आणि भूजलाचे नमुने घेतल्याशिवाय सही करू नका. सफाईची जबाबदारी बऱ्याच कायद्यांत आजच्या मालकावर येते.

उरलेल्या दोन-तीन जागांची तुलना

इथवर दहातल्या सात-आठ गळालेल्या असतात. आता खर्च मांडा. प्रत्येक जागेचा वार्षिक स्थिर खर्च आणि प्रति टन बदलता खर्च वेगळा काढा. समजा पहिल्या जागेत स्थिर खर्च ४०० एकक आणि प्रति टन ०.९, दुसऱ्या जागेत ६४० आणि प्रति टन ०.६. स्थिर खर्चातला फरक २४०, बदलत्या खर्चातला ०.३. २४० भागिले ०.३ म्हणजे ८०० टन. त्याखाली पहिली जागा स्वस्त, वर दुसरी. तिसऱ्या वर्षी तुम्ही खरोखर ८०० टनांच्या वर असाल का, हा प्रश्न मग विक्री विभागाला विचारा, आणि उत्तरातून थोडं वजा करा.

पैशात न मावणाऱ्या गोष्टींना गुण द्या: कामगारांची उपलब्धता, वाढीला वाव, परवान्यांचा वेग, शेजार. इथे दोन चुका नेहमी होतात. जमिनीचा भाव किंवा भाडं आधीच खर्चात धरलेलं असताना पुन्हा गुणांतही धरलं जातं. आणि सगळे एकत्र बसून गुण देतात, त्यामुळे मोठ्या साहेबांच्या आवडीची जागा वर येते. प्रत्येकानं आपले गुण स्वतंत्रपणे लिहून द्यावेत, मग बैठक. शेवटी प्रत्येक मुद्द्याचं महत्त्व २०-२५ टक्क्यांनी वर-खाली करून बघा. क्रम उलटत असेल तर दोन्ही जागा बरोबरीच्या आहेत असं समजा आणि जिथे लवकर उत्पादन सुरू होईल ती घ्या.

सरकारी सवलती सगळ्यात शेवटी. त्या पाच-सात वर्षांच्या, कारखाना तीस वर्षांचा. करमाफीचा फायदा नफा होईल तेव्हाच, आणि पहिल्या वर्षांत तो बहुधा नसतो. ठरलेली गुंतवणूक किंवा नोकऱ्या वेळेत पूर्ण झाल्या नाहीत तर रक्कम परत करायची अट आहे का, ते बारकाईनं वाचा. दोन जागा बरोबरीत असताना सवलत निर्णय करू शकते. चाळणीत गळालेली जागा तिच्या जोरावर परत आत आणायची नाही.

व्यवहार

कुणाला किती जमीन हवी आहे हे बाहेर पडलं की भाव चढतो. म्हणून शेवटपर्यंत किमान दोन जागांची बोलणी खरोखर चालू ठेवा. विसार देताना करार सशर्त करा. वीज कंपनीचं तारखेसह मंजुरीपत्र, पाण्याचं वाटपपत्र, सांडपाण्याची परवानगी, माती अहवाल, मालकीची साखळी, बोजा आणि दाव्यांचा शोध, हद्दीची मोजणी यांपैकी एकही गोष्ट अडली तर विसार परत, असं स्पष्ट लिहा. तोंडी ‘होऊन जाईल’ला या यादीत जागा नाही. खरेदीखत सगळ्यात शेवटी.

कागद निर्दोष असूनही गाव विरोधात असेल तर जागा मिळाली असं समजू नका. टाटा मोटर्सला २००८ साली पश्चिम बंगालमधल्या सिंगूरचा बराचसा बांधून झालेला नॅनो मोटारीचा कारखाना सोडून गुजरातमधल्या साणंदला जावं लागलं. सिंगूरचं भूसंपादन पुढे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रद्द केलं. जमीन कुणाकडून, कशी आणि किती खुशीनं आली आहे, हे विकणाऱ्या संस्थेकडून नव्हे, आधीच्या मालकांकडून ऐका.

मोजणीच्या दिवशी लगतचे सगळे जमीनधारक हजर हवेत आणि खुणांचे दगड मान्य असल्याच्या त्यांच्या सह्या हव्यात. त्याच बैठकीत वाढीच्या बाजूला असलेल्या शेजाऱ्याशी एक छोटा करार करून घ्या: तो जेव्हा केव्हा विकेल तेव्हा पहिली विचारणा तुम्हाला. आज हा करार थोडक्यात होतो. तुमची शेड उभी राहिल्यावर त्याच जमिनीचा भाव तो तुमच्या गरजेवरून ठरवेल.